मोठा आकडा

नळ स्टॉपजवळ, घारपुरे पॅथॉलॉजीच्या वरच्या मजल्यावर
तीन भावंडं बसली होती, आणि मी.
खाली रक्ताच्या नमुन्यांचा फ्रिज घुमत होता.
वाटणीची बाकी कागदपत्रं वकिलाकडे उरकली होती,
राहिलं होतं ते नेटवर्क.
त्यासाठी भोसरीहून मला बोलावलेलं.

दोनशे छप्पन्न पत्ते. एका ओळीत, शून्यापासून.
माझे वडील मार्केट यार्डात डझनानं मोजायचे,
तेरावं फळ हसून वर टाकायचे.
माझ्या धंद्यात वर टाकता येत नाही.
इथं कापायचं तर मधोमध,
मग अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं,
आणि प्रत्येक कापणीला
तिरक्या रेघेपुढचा आकडा एकानं चढतो.
सुरुवातीला चोवीस होता.

हेरंबरावांची यंत्रं नव्वद.
चौसष्टात मावत नाहीत, एकशे अठ्ठावीस घ्यावे लागतात.
बत्तीसातले सात बिट मोकळे. लिहिलं: पंचवीस.
शिरीषचं एक्स-रे सेंटर, पन्नासच्या आतबाहेर.
सहा बिट. सव्वीस.
"विदुलाला काय, रिपोर्ट टाईप करायला एक कॉम्प्युटर.
तिला लहानात लहान द्या."

लहानात लहान म्हणजे चार.
पहिला त्या तुकड्याचंच नाव, तो कुणाला देत नाहीत.
शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला.
उरल्या दोनातला एक दाराचा.
मग एक तिचा.
एकशे अठ्ठावीसातून दोन गेले तर कळतही नाही,
चारातून दोन जातात तेव्हा
लिहिलं: तीस.

हेरंबरावांनी चष्मा लावला,
कागद लांब धरला, जवळ आणला.
"बागवान, मला पंचवीस, ह्याला सव्वीस,
आणि हिला तीस?
थोरला मी आहे."

सांगणारच होतो.
तोंड उघडलंही होतं,
की हा आकडा जागेचा नाही, भिंतीचा आहे,
किती बिट बांधून टाकले तेवढंच तो सांगतो,
तो वाढतो तशी खोली आक्रसते.
इतक्यात विदुलाताईंनी खारीची बशी माझ्यापुढे सरकवली.
रिपोर्टच्या रिकाम्या पाकिटावर पेन्सिलीनं मांडलेलं
मला उलटं दिसत होतं:
दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट.
चौसष्टाभोवती गोल.

"तिचे कमी करा," हेरंबराव म्हणाले.
मी खारी चावली. "सत्तावीस करतो."
"शिरीषपेक्षा जास्त कशाला?"
"मग सव्वीस."
"हां. सव्वीस. चालेल ना गं?"
"तू म्हणशील तसं, दादा."
पाकीट पर्समध्ये गेलं.

मी खोटं बोललो नाही.
खरंही बोललो नाही, हे मला खारीच्या चुऱ्याइतकं
अजून दातात अडकलेलं आहे.
सही त्यांनी सगळ्यांच्या आधी केली.

शून्य ते एकशे सत्तावीस.
एकशे अठ्ठावीस ते एकशे एक्याण्णव.
एकशे ब्याण्णव ते दोनशे पंचावन्न.
पाटी पुसल्यासारखी बाकी शून्य.

जिन्यात विदुलाताई थांबल्या.
"बासष्ट ना?"
"हो. दार धरून."
हेल्मेटचा पट्टा लावत त्या खाली उतरल्या,
कर्वे रोडच्या गर्दीत त्यांची स्कूटर
कुठली ते पुढच्या सिग्नलपर्यंतच ओळखू आलं.

पावणेदोन वर्षं झाली.
देखभालीचं काम माझ्याकडेच आहे.
महिन्यातून एकदा भोसरीत बसून मी तिन्ही तुकडे तपासतो.
पहिला भरत आलाय. दुसरा रखडतोय.
तिसऱ्यात दार, आणि एक कॉम्प्युटर.
साठ पत्ते तसेच.

मागच्या मंगळवारी, रात्री सव्वाअकराला,
त्यातला एक जागा झाला.
नोंदीत नाव नाही. पाच मिनिटं होता.
मी फोन उचलला होता,
मग ठेवून दिला.